जिरावणाची बरणी आणि आप्पांची खोली

पत्र

डॉक्टरताई, आम्ही सुदामानगरला राहतो. घरात सासूबाई, सासरे (सगळे त्यांना आप्पा म्हणतात), आम्ही दोघं, कॉलेजात जाणारा मुलगा आणि दहावीतली मुलगी. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. त्यांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुना, धाप लागणारा आजार) आहे आणि रात्री ऑक्सिजनचं मशीन लावावं लागतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये एके दिवशी मी वरणाला हिंगाची फोडणी दिली आणि मला वासच आला नाही. नाक वाहत नव्हतं, तापही नव्हता, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दोन दिवसांनी मला ताप आला, मग सासूबाईंना. त्या कशाबशा वाचल्या. ते दिवस आठवले की अजून हातपाय गार पडतात.

यंदा थंडी पडायला लागल्यापासून मी रोज सकाळी सगळ्यांना जिरावणाची (पोह्यांवर भुरभुरायच्या झणझणीत मसाल्याची) बरणी आणि कापूर हुंगायला लावते. वास आला तरच सासूबाईंच्या खोलीत जायचं, असा नियम आहे. मुलगा चिडतो, पण हुंगतो. आप्पांना (वय ८२) मात्र पहिल्या दिवसापासून ओळखता येत नाही. 'काहीतरी झोंबतंय' एवढंच म्हणतात. त्यांना खोकला नाही, ताप नाही. तरी मनाला धीर होईना, म्हणून गेल्या आठवड्यापासून त्यांची सोय मागच्या खोलीत केली आहे. ताटही तिथेच देते. ते काही बोलत नाहीत. सासूबाईंशी बोलायचं तर दाराशी उभं राहून बोलतात. आमचे हे म्हणतात, आता पुरे कर. माझं चुकतंय का? वासावरून आजार लवकर कळतो हे खरं की खोटं? आमच्या महिला मंडळाच्या दारातही अशी बरणी ठेवावी असं मी सुचवणार होते.

— एक सून, सुदामानगर, इंदूर

उत्तर

ताई,

आधी आप्पांना आजच मागच्या खोलीतून बाहेर आणा आणि त्यांचं ताट सगळ्यांच्या पंगतीत मांडा. माझं पुढचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

त्यांना संसर्ग झाला आहे असं दाखवणारी एकही खूण तुमच्या पत्रात नाही. त्यांना वास ओळखता येत नाही, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं आणि आजही तेच दिसतंय. म्हणजे काहीच बदललेलं नाही. विषाणूमुळे वास जातो तेव्हा तो अचानक जातो. काल येत होता, आज येत नाही, असं होतं. आप्पांचा वास बहुधा वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत आला असणार आणि त्यांच्यासकट कुणाच्या ते ध्यानात आलं नसणार. या वयात हे फार सर्रास दिसतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका गावात वयस्कर लोकांची नाकं नीट तपासली, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ८० च्या पुढच्या लोकांत ६२ टक्क्यांहून जास्त जणांची वासाची जाण कमी झालेली निघाली. आणि आपल्याला वास कमी येतो असं स्वतःहून सांगणारे त्या मानानं फारच थोडे होते. म्हणजे तुमच्या परीक्षेत ८२ वर्षांचा माणूस नापास झाला यात नवल काहीच नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही हे सगळं भीतीपोटी करताय आणि ती भीती कुठून आली हे तुमच्या पत्रातच आहे. त्या एप्रिलमध्ये इंदुरात काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण 'मी लक्ष दिलं नाही' हे वाक्य तुम्ही जे इतकी वर्षं उराशी धरून बसलात, त्याबद्दल डॉक्टर म्हणून मला बोललंच पाहिजे. कोविडचा माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच विषाणू पसरवायला लागलेला असतो. ज्या दिवशी तुम्हाला फोडणीचा वास आला नाही, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही सासूबाईंना औषध दिलं असेल, पाठ चोळून दिली असेल, शेजारी बसला असाल. संसर्ग तेव्हाच झालेला असण्याची शक्यता भरपूर आहे. त्या दिवशी तुम्ही लगेच वेगळ्या खोलीत गेला असतात तरी तो टळलाच असता, असं कुणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. तेव्हा तो दोष स्वतःकडे घेऊ नका.

तुमची कल्पना मात्र खुळी नाही, हे तुमच्या मुलालाही वाचून दाखवा. २०२० च्या वसंतात जगभरचे कान-नाक-घसा डॉक्टर एकच गोष्ट सांगत होते: नाक चोंदलेलं नाही, सर्दी नाही आणि वास मात्र साफ गेलाय, असे रुग्ण अचानक यायला लागलेत. ब्रिटननं १८ मे २०२० रोजी वास जाणं हे अधिकृत लक्षणांच्या यादीत घेतलं आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १३ जूनला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये फोनवर रोज लक्षणं नोंदवणाऱ्या लाखो लोकांची माहिती तपासली गेली. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांनी वास किंवा चव गेल्याचं सांगितलं होतं, निगेटिव्ह आलेल्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांनी. तापापेक्षा आणि खोकल्यापेक्षा ही खूण जास्त नेमकी ठरली.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. वास गेलाय हे माणसाला स्वतःला बऱ्याचदा कळतच नाही. तेहरानमधल्या एका रुग्णालयात भरती असलेल्या ६० कोविड रुग्णांना ४० वासांची कागदी पुस्तिका देऊन तपासलं. या पुस्तिकेतला ठिपका खरवडला की वास येतो आणि चार पर्यायांतून तो ओळखायचा असतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रिचर्ड डॉटी यांनी १९८० च्या दशकात ती तयार केली. त्या ६० जणांपैकी ५९ जणांची वासाची जाण कमी निघाली, पण आपल्याला वास किंवा चव कमी कळते असं जेमतेम तिसऱ्या हिश्श्यानं सांगितलं होतं. आपल्याकडे पुण्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांबरोबर असंच काम केलं. वासाची मात्रा मोजून देणारं यंत्र वापरून त्यांनी ज्यांना एकही लक्षण नाही अशा बाधितांना तपासलं, आणि त्यातही बहुतेकांचं नाक कुठेतरी कमी पडत असल्याचं दिसलं. तेव्हा नुसतं 'वास येतो ना?' असं विचारण्यापेक्षा हुंगायला देऊन पाहणं केव्हाही चांगलं. इथवर तुमचं बरोबर आहे.

तुमच्या फोडणीचं काय झालं असेल तेही सांगते. वास ओळखणाऱ्या पेशी नाकात अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, जेमतेम काही चौरस सेंटिमीटरच्या पातळ पट्ट्यात असतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या, त्यांची निगा राखणाऱ्या आधार-पेशी त्यांच्या बाजूला असतात. कोरोना विषाणू ज्या एसीई-टू नावाच्या प्रथिनाला चिकटून आत शिरतो, ते या आधार-पेशींवर भरपूर असतं, वास घेणाऱ्या पेशींवर जवळपास नसतं. विषाणूचा घाव आधार-पेशींवर बसतो, त्या कोलमडतात आणि वास घेणाऱ्या पेशी शाबूत असूनही मुक्या होतात. म्हणून नाक मोकळं असताना वास गेला आणि म्हणूनच बहुतेकांचा तो काही आठवड्यांत परतही आला. साध्या सर्दीत बहुतेक वेळा वेगळं घडतं. नाकाची आतली त्वचा सुजते, शेंबूड भरतो आणि हिंगाचा वास त्या वरच्या पट्ट्यापर्यंत पोचतच नाही. नाक चोंदलेलं असताना वास येत नसेल तर त्यावरून कुठला विषाणू आहे हे ठरवता येत नाही.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण ही की विषाणू बदलला. ब्रिटनमध्येच डेल्टाच्या काळात ५२.७ टक्के बाधितांनी वास गेल्याचं नोंदवलं होतं, ओमिक्रॉन आल्यावर ते प्रमाण १६.७ टक्क्यांवर आलं. तुमचा २०२१ चा अनुभव डेल्टाच्या लाटेतला, त्यामुळे तो तुमच्या मनात इतका पक्का बसला. आता फिरणारे विषाणू ओमिक्रॉनच्याच वंशातले आहेत. दुसरी अडचण, सासूबाईंना धोका काही एकट्या कोविडचा नाही. फ्लू आहे, आरएसव्ही नावाचा श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू आहे. या आजारांत वास जायचा तो बहुतेक नाक चोंदून जातो, म्हणजे तोवर सर्दी, अंगदुखी, ताप हे सगळं समोर दिसतच असतं. तिथे बरणी तुम्हाला नवं काही सांगत नाही.

थोडा हिशोब करून पाहू. समजा, हजार माणसं आहेत आणि त्यांत १० जण बाधित आहेत. आताच्या प्रमाणानं त्यांतल्या दोघांचाच वास गेलेला असेल. उरलेल्या ९९० निरोगी लोकांत जुनी सायनसची तक्रार, ॲलर्जी, वय, तंबाखू अशा कारणांनी शंभरात पाच जणांना वास नीट येत नाही असं धरू. म्हणजे साधारण ५० जण. तुमच्या बरणीनं ५२ लोक बाजूला काढले, त्यांत खरे दोन. आणि आठ बाधित लोक खुशाल वास ओळखून आत गेले. महिला मंडळाच्या दारात बरणी ठेवू नका असं मी म्हणते ते याच कारणानं. वयस्कर बायकांना दारातून परत जावं लागेल, त्यांना वाईट वाटेल, आणि ज्यांना खरंच संसर्ग झालाय त्या आत येऊन शेजारी बसतील. मंडळासाठी त्यापेक्षा सरळ निरोप द्या: ज्यांना सर्दी-खोकला आहे त्यांनी या वेळी घरी राहावं, आणि हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आपण दूध हुंगून पाहतो, वास आला तर ओतून देतो. पण वास चांगला आहे म्हणून कुणी ते तापवायचं सोडत नाही. घरातली वासाची चाचणी एवढ्याच कामाची आहे. वास अचानक गेला तर सावध व्हा. वास येतोय म्हणून सासूबाईंच्या खोलीत निर्धास्त जाऊ नका. तुमचा नियम नेमका उलटा झालाय: वास आला की परवाना. मुलाच्या घशात खवखव असेल, पण जिरावण ओळखता आलं, तर तुमच्या नियमानं तो आजीजवळ बसू शकतो. ही मला आप्पांच्या खोलीइतकीच काळजीची गोष्ट वाटते.

आणि जिरावण तर या कामाला मुळीच चालत नाही. कापूरही नाही. २०२१ मध्ये सियागंजात मसाल्याचा धंदा करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. दिवसभर मिरची-धण्याच्या पोत्यांत बसणारा माणूस. बायकोनं जबरदस्तीनं आणलं होतं, कारण भाजी करपली तरी त्यांना समजलं नव्हतं. ते मला सांगत होते, 'नाक अगदी ठणठणीत आहे, मिरचीच्या पोत्याजवळ गेलो की अजून शिंक येते.' मी त्यांना डोळे मिटायला सांगून धण्याची पूड नाकाशी धरली. काही नाही. कॉफी धरली. काही नाही. व्हिक्स धरलं, लगेच म्हणाले, 'हे झणझणीत आहे.' तोवर त्यांचाही समज होता की वास येतोय.

असं होतं कारण नाकात दोन वेगळ्या नसा काम करतात. एक खरा वास मेंदूला कळवते. दुसरी, ट्रायजेमिनल नावाची, झोंबणं, गारवा, जळजळ कळवते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं ते तिच्यामुळे. वासाची नस पूर्ण बंद पडली तरी ही दुसरी चालूच असते. मिरची, कापूर, पुदिना, ओवा, लवंग, निलगिरी, बाम, मोहरीचं तेल ही सगळी मंडळी तिला जागी करतात. आप्पा 'काहीतरी झोंबतंय' म्हणतात ना, ते अगदी खरं सांगताहेत. त्यांची ट्रायजेमिनल नस शाबूत आहे. उलट तुमच्या मुलाचा वास उद्या खरोखर गेला, तर तो जिरावण हुंगून शिंकेल, 'आला वास' म्हणेल आणि पुढे जाईल.

तुमच्या बरणीबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. पाच-सहा जण एकामागून एक तीच बरणी नाकाशी धरतात, तिच्यात श्वास सोडतात, कुणी शिंकतंही. संसर्ग शोधायला काढलेली वस्तूच तो वाटत फिरेल. ही बरणी उद्यापासून पुन्हा स्वयंपाकघरात, पोह्यांवर घालायला.

चाचणी करायचीच असेल तर अशी करा. घरात एकसारख्या छोट्या स्टीलच्या डब्या असतील. प्रत्येकाच्या वेगळ्या. एका डबीत कापसाच्या बोळ्यावर चिमूटभर कॉफी पावडर, एकीत गुलाबजलाचे थेंब, एकीत व्हॅनिला इसेन्स आणि एक डबी नुसत्या कोऱ्या कापसाची. हे वास झोंबत नाहीत, त्यामुळे खरी परीक्षा वासाच्या नसेचीच होते. कोरी डबी यासाठी की माणूस सवयीनं 'हो, आला' म्हणून टाकतो, विशेषतः कॉलेजला उशीर होत असला की. सकाळी देवापुढे उदबत्ती लावण्याआधी आणि फोडणी पडण्याआधी करा, घरात एकदा वास भरला की नाक त्याला सरावतं. डोळे मिटायचे, डबी नाकापासून दोन बोटं लांब धरायची, दोनदा हलकेच हुंगायचं, श्वास डबीत सोडायचा नाही. दोन डब्यांच्या मध्ये अर्धा मिनिट थांबायचं. वास कोणता ते सांगायचं आणि किती ठळक आला त्याला शून्य ते दहात अंक द्यायचा. कापूस वरचेवर बदलायचा.

ते अंक वहीत लिहा. ही वही तुमच्या मुलाकडे द्या, तो चिडतो ते त्याला नुसतं हुकूम ऐकावं लागतं म्हणून. घरातले सगळे ठणठणीत असतानाचा पहिला आठवडा फक्त नोंदी करायच्या, निष्कर्ष काढायचा नाही. त्यातून प्रत्येकाचा नेहमीचा अंक कळतो. पुढे त्याच माणसाच्या त्या नेहमीच्या अंकाशी तुलना करायची, दुसऱ्याच्या अंकाशी नाही. आप्पांचा नेहमीचा अंक दोन असेल तर दोन म्हणजे ठीक. मुलीचा आठ असेल, नाक मोकळं असेल आणि एका सकाळी तो दोनवर आला, तर ती खूण आहे. २०२० मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून हजारो लोकांना आजाराआधी वास किती यायचा आणि आजारात किती येतो याला असेच अंक द्यायला सांगितले होते. कोविड आहे की दुसरं काही, हे ओळखायला इतर लक्षणांपेक्षा वासाच्या अंकातली ही घसरण जास्त उपयोगी पडली.

रोज करायची गरज नाही. वास गेला की तो सहसा काही दिवस तरी गेलेला राहतो, त्यामुळे दर तीन दिवसांनी केलंत तरी पुरे. कोलोरॅडो आणि येल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये गणित मांडून दाखवलं होतं की इतक्या अंतरानं केलेली स्वस्त वास-चाचणीसुद्धा साथ आटोक्यात ठेवायला मदत करू शकते. मात्र अट ही की बाधितांपैकी मोठ्या हिश्श्याचा वास जात असला पाहिजे, आणि ती अट सध्या पुरी होत नाही. म्हणून माझं मत असं: लग्नकार्याहून, रेल्वेच्या प्रवासाहून कुणी परतलं, किंवा शेजारात-शाळेत साथ आहे असं कानावर आलं, की आठवडाभर दर तीन दिवसांनी करा. एरवी डब्या कपाटात राहू द्या.

कुणाचा वास नाक मोकळं असताना अचानक गेला, तर त्यानं त्याच क्षणापासून एन-९५ मास्क लावायचा, सासूबाईंच्या खोलीत जायचं नाही आणि मेडिकलमधून रॅपिड अँटिजेन किट आणून चाचणी करायची. निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करायची, कारण सुरुवातीच्या दिवसांत ही किटं चुकतात. दुसरीही निगेटिव्ह आली आणि बाकी काही त्रास नसेल तर माणसाला मोकळं करा. नाकात मोहरीचं तेल, लसणीचा रस असलं काही घालू नका. तो नाजूक पट्टा त्यानं आणखी दुखावतो.

सासूबाईंचं खरं रक्षण कशानं होईल, याचं उत्तर वहीत नाही. फ्लूची लस दर वर्षी त्यांना आणि घरातल्या प्रत्येकाला, आप्पांनाही. न्यूमोनियाच्या लशीबद्दल त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे फ्लू फक्त थंडीत येत नाही, पावसाळ्यातही त्याचा जोर असतो, हे लक्षात ठेवा. घरात कुणाचं नाक वाहत असेल, घसा खवखवत असेल, तर वास येवो न येवो, त्यानं त्यांच्या खोलीत मास्क लावूनच जायचं आणि कमीत कमी वेळ थांबायचं. थंडीत आपण खोली बंद करून शेगडीसारखी उबदार करतो. ते नको. दुपारच्या उन्हाच्या वेळी तरी खिडकी उघडा.

आणि त्यांना स्वतःला ताप, वाढलेला खोकला, थुंकीचा बदललेला रंग किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. 'दोन दिवस बघू' नको. फ्लूचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी पडतं, कोविडच्या गोळ्याही पहिल्या काही दिवसांतच द्याव्या लागतात. त्यांचा ऑक्सिजन बरा असताना किती असतो ते आत्ताच मोजून लिहून ठेवा. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांत तो एरवीच कमी असतो, त्यामुळे शेजारणीचा ९७ आणि त्यांचा ९१ अशी तुलना करून घाबरू नका. कितीच्या खाली गेला तर दवाखान्यात न्यायचं हा आकडा डॉक्टरांकडून घ्या. मशीनचा फ्लो स्वतःच्या मनानं वाढवू नका. या आजारात ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो.

राहता राहिले आप्पा. तुमच्या बरणीनं त्यांच्याबद्दल एक खरी गोष्ट दाखवून दिली आहे, ती वाया घालवू नका. त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. नाकात कोंब (मऊ गाठी) आहेत का, जुनी सूज आहे का, चालू औषधांपैकी एखाद्यामुळे असं होतंय का, हे पाहता येतं. औषधांची पिशवी सोबत न्या. वास कमी होणं ही कधी कधी पार्किन्सनसारख्या आजाराची फार आधीची खूण असू शकते, त्यामुळे हाताला कंप, चालणं मंद होणं, झोपेत हातपाय झाडणं असं काही असेल तर तेही सांगा. बहुतेकांच्या बाबतीत कारण वय हेच निघतं, तेव्हा हे वाचून धास्ती घेऊ नका. काही जणांना वासाचा सराव करून थोडा फायदा होतो: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हलकेच हुंगायचं आणि तो वास मनात आठवायचा, निदान तीन महिने. लवंग-निलगिरी झोंबतात हे खरं, पण इथे परीक्षा घ्यायची नाही, सराव करायचाय, म्हणून चालतात. सासूबाई सोबत बसल्या तर दोघांचा वेळही बरा जाईल.

त्यांना कसं सांगायचं, याचीही तुम्हाला चिंता असेल. फार बोलू नका. 'आप्पा, मी घाबरले होते. डॉक्टरांना विचारलं, तुम्हाला संसर्ग नाही, वयानं वास कमी झालाय. आत चला, आई वाट बघताहेत,' एवढं पुरे आहे. हे तुम्हीच सांगा, नवऱ्याकरवी नको.

एक काम मात्र लांबणीवर टाकू नका. ज्याला वास येत नाही त्याला गॅसची गळतीही कळत नाही. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं, आणि आप्पांना ते जाणवणार नाही. दुपारी तुम्ही बाहेर असताना ते चहा करत असतील तर स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म बसवून घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायचा, छताजवळ नाही. रेग्युलेटर रात्री बंद करण्याची सवय ठेवा आणि गळतीच्या तक्रारीचा १९०६ हा नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवा. उरलेलं वरण, दूध, भाजी आप्पांनी 'वास घेऊन' ठरवायची नाही. डब्यावर तारीख लिहा, ते तारीख वाचून घेतील.